तीन नंबरचा डबा

"तीन नंबरचा डबा बदलला ना बे तू?" तुळशीभाऊनं विचारलं.

"बदलला ना. मागच्याच सीझनले," मी म्हटलं.

"मग ठीक. तेव्हा लय गरम लागत होता हाताले. म्हणून विचारलं."

मे महिन्यातली सकाळ होती. साडेनऊ वाजले असतील, पण चंद्रपूरचं ऊन. गच्चीवर चप्पल काढायची सोय नव्हती. आम्ही दोघं एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर उभे होतो आणि खाली लग्नाची धावपळ सुरू होती. बारा वाजून काही मिनिटांचा मुहूर्त होता. सकाळी आठलाच झाडेसाहेबांच्या दुकानात फोन आला होता, की जेवणाच्या हॉलमध्ये एसी गार हवा देत नाही, माणूस पाठवा. झाडेसाहेबांचं एसी बसवायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याकडे आम्ही दोघं मेकॅनिक, तुळशीराम मडावी आणि मी, प्रभाकर निखाडे. त्या दिवशी साहेबांनी दोघांनाही पाठवलं. लग्नाचं घर, तक्रार नको म्हणाले.

गच्चीवर पाच मोठी मशीन ओळीनं होती. प्रत्येक मशीनच्या पाठीमागे भिंतीवर एक लोखंडी डबा, आणि डब्याला बाहेरून हँडल. हँडल खाली ओढलं की त्या एका मशीनची लाईन तिथंच तुटते, बाकीची चार चालू राहतात. त्याला आयसोलेटर म्हणतात. आम्ही डबाच म्हणायचो. मेन स्विच तळमजल्यावर जिन्यामागं होता, पण तो पाचही मशीनचा मिळून एकच. आम्ही वर चढतानाच कार्यालयाचा मॅनेजर वाघाडे आडवा आला होता.

"मेनला हात लावायचा नाही बरं का. वरपक्ष उतरलाय. बाकीची मशीन बंद पडली तर माझी खैर नाही."

"नाही लावत साहेब," तुळशीभाऊ म्हणाला होता. "वरूनच बंद करतो."

तुळशीभाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मला या धंद्यात त्यानंच आणलं. मी दहावी नापास होऊन पानठेल्यावर बसायचो, तिथून उचलून त्यानं झाडेसाहेबांपुढं उभं केलं. गॅस कसा भरायचा, कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून त्याला काय झालंय ते कसं ओळखायचं, हे सगळं त्याच्याकडून शिकलो. त्याच्या हातात घाई नव्हती. झाडेसाहेब चिडायचे, की तुळशीराम एका कॉलला दोन तास लावतो. पण त्यानं केलेलं काम वर्षभर परत यायचं नाही. मशीन उघडायच्या आधी तो तीनदा बघायचा. एकदा मी त्याची नक्कल करून दाखवली होती, मान वाकडी करून, डोळे बारीक करून. तो स्वतःच हसला होता.

"हास तू," तो म्हणाला होता, "पण लाईन कोणाची सोयरी नसते."

त्या दिवशी त्यानं पाण्याचा पाईप नळाला लावला. तीन नंबरच्या मशीनची जाळी धुळीनं पार बुजली होती. शेजारी बांधकाम चालू होतं, त्याची सिमेंटची भुकटी.

"मी धुऊन घेतो, अन् आतले स्क्रू कसून घेतो," तो म्हणाला. "तू खाली जा. जेवणाच्या हॉलातले फिल्टर काढून झटक. पाहुण्याच्या पानात धूळ पडाले नको."

"मी थांबू का?"

"काऊन? एका माणसाचं काम आहे. जा."

मी जिन्याच्या दारापर्यंत गेलो. तिथं थोडा थांबलो. त्याची पाठ माझ्याकडे होती. निळा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मी काहीतरी बोलणार होतो. मग खालून वाघाडेनं हाक मारली आणि मी उतरलो.

जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं मांडणं चालू होतं. मी शिडी लावली, छतातले फिल्टर एकेक करून काढले, मागच्या अंगणात नेऊन झटकले, धुतले, पुन्हा बसवले. मांडवात कुणीतरी माईक तपासत होतं, हॅलो हॅलो, वन टू थ्री. सनईची कॅसेट लागली, थांबली, परत लागली. पाऊण तास गेला असेल. आचारी ओळखीचा होता. त्यानं मठ्ठ्याचे दोन गिलास भरून दिले.

"वरच्यालेही दे. भाजून निघाला असन बिचारा."

दोन हातांत दोन गिलास धरून मी तीन जिने चढलो.

तुळशीभाऊ मशीनसमोर गुडघ्यावर बसला होता. डोकं पत्र्याला टेकलेलं, उजवा हात मनगटापर्यंत आत. पाईप चालूच होता, पाणी त्याच्या पायाखालून वाहत मोरीकडे चाललं होतं. मला वाटलं एखादा स्क्रू आत पडला असेल, तो शोधतोय.

"भाऊ, मठ्ठा घ्या," मी म्हटलं.

तो हलला नाही. मग मला त्याची बोटं दिसली.

गिलास कुठं टाकले ते आठवत नाही. गच्चीच्या कडेला मांडवाचे उरलेले बांबू पडले होते. एक कोरडा बांबू उचलला आणि त्याचा हात आतून ढकलून काढला. तो एका अंगावर पडला. मी त्याला ओल्यातून ओढून कोरड्या जागी निजवलं, हाका मारल्या, आणि खाली धावलो. मेन स्विच पाडला. वाघाडेच्या दंडाला धरून त्याला कोपऱ्यात नेलं आणि सांगितलं.

वाघाडेचा चेहरा पांढरा पडला. पण तो पहिल्यांदा काय बोलला, तर, "हळू बोल. पाहुण्यांच्या कानावर जाऊ देऊ नको. मी गाडी बघतो, माणसं पाठवतो. तू वर जा, त्याच्याजवळ थांब."

मी वर गेलो. माणसं यायला पाच मिनिटं लागली असतील, कदाचित सहा. आचाऱ्याचे दोघे आणि मांडववाल्याचा एक. त्यांनी तुळशीभाऊला सतरंजीत घातलं आणि मागच्या जिन्यानं उतरवलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणायला उशीर झाला."

लग्न वेळेवर लागलं. ते मला नंतर कळलं.

दुपारी तीन वाजता पोलीस पंचनाम्याला आले. त्यांच्यासोबत वीज निरीक्षक म्हणून एक चष्मेवाले साहेब होते. झाडेसाहेब, वाघाडे आणि मी मागं उभे. त्या साहेबांनी तीन नंबरचा डबा बाहेरून पाहिला, मग माझ्याकडून उघडून घेऊन आतून पाहिला.

"हँडल वर आहे," ते म्हणाले. "म्हणजे चालू. तुम्ही याला हात लावलात?"

"नाही साहेब."

"तुम्ही आलात तेव्हा असंच होतं?"

"हो साहेब."

"मयत काम करताना लाईन बंद करायचा की नाही?"

"करायचा साहेब. नेहमी करायचा."

"मग आज?"

मी डब्याचं झाकण परत लावू लागलो. झाडेसाहेबच म्हणाले, "घाईत राहिलं असेल. लग्नाचं घर होतं."

वाघाडे मध्ये पडला. "साहेब, एक बोलू का? सकाळी तो माझ्यासमोरून गेला ना, तेव्हा मला तर वास आल्यासारखा वाटला. खोटं कशाला बोलू? या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. "काय रे, घेऊन होता काय?"

सकाळी सात वाजता मी आणि तुळशीभाऊ दुकानासमोर एकाच कपातला चहा अर्धा-अर्धा प्यालो होतो. तो दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, हे आमच्या लाईनीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याचा बाप दारूनं गेला होता. बापाला जाळून आल्यावर आईनं त्याला उंबऱ्यातच अडवून स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता आणि कधी न पिण्याची शपथ घ्यायला लावली होती. होळीला आम्ही त्याला चिडवायचो. तो सरबताचा गिलास उचलून दाखवायचा.

"विचारतो ना मी?" हवालदार म्हणाला.

मी मान खाली घातली. त्यानं लिहून घेतलं.

तुळशीभाऊचं घर बाबूपेठेच्या पलीकडे होतं, दोन खोल्या. आई, बायको सायत्रावहिनी आणि सातवीतली मुलगी शालू. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिच्यासमोर वर्तमानपत्र पडलं होतं. शेजारच्या कुणीतरी वाचून दाखवलं असणार. आतल्या पानावर चार ओळी होत्या. वीजपुरवठा बंद न करता काम केल्यानं मेकॅनिकचा मृत्यू, मद्यप्राशन केल्याचा संशय.

वहिनी दारात आली. तिनं मला आत बोलावलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, आत ऐकू जाऊ नये म्हणून, "तुम्ही सोबत होते. घरात बल्ब लावायचा असला तरी हे मेन बंद करत. शालू हसायची त्याहीले. मग त्या दिवशी काऊन नाही केलं?"

"काय सांगू वहिनी. घाई होती."

"अन् ते दुसरं? ते पेपरात आहे ते?"

"पेपरवाले काहीही लिहितात."

"म्हणजे नव्हते ना घेऊन?"

"मी खाली होतो वहिनी," मी म्हटलं. "मले काय माहीत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडून 'नव्हते' एवढंच तिला हवं होतं. एक शब्द. तो मी दिला असता तर ती पुढं विचारणार, मग लाईन बंद का नव्हती? आणि त्या प्रश्नाजवळ मला कुणीही यायला नको होतं.

आतून म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "सायत्रा, त्याले जाऊ दे. माझ्या पोरानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. आता काय विचारतं?"

पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टात दारूचा उल्लेखही नव्हता. पण रिपोर्ट यायला दोन महिने लागले, आणि तोवर ती गोष्ट गावानं ठरवून टाकली होती. झाडेसाहेबांनी दुकानात आम्हा सगळ्यांना उभं करून भाषण दिलं, की बघा, पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस, एक हँडल ओढलं नाही आणि काय झालं. नवीन पोरं कामावर आली की त्यांना तेच सांगितलं जायचं. मडावीसारखं करू नका. मीही ते ऐकत उभा राहायचो. वहिनी वर्षभरात घर सोडून सासूला आणि शालूला घेऊन मूल शहराच्या पुढं त्यांच्या गावाकडे निघून गेली.

आता खरं काय झालं ते सांगतो.

आधीच्या वर्षीच्या सीझनला, त्याच कार्यालयात, तीन नंबरच्या डब्यातला एक काटा जळाला होता. डब्यात तीन फेजच्या तीन वाटा असतात, त्यातल्या एकीची लाईन जोडणारा हा काटा. तेव्हाही खाली लग्न होतं, रविवार होता, दुकानं बंद. मी एकटाच होतो. मी वीतभर लाल वायर घेतली आणि जळालेल्या वाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ जोडून दिली. झाकण लावलं. मशीन सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या. तात्पुरतं काम होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्टोअरमधून नवा आयसोलेटर काढून दिला आणि बदलून ये म्हणाले. त्या दिवशी माझ्या मुलाचं बारसं होतं. मी कार्यालयात गेलो, वाघाडेची सही घेतली, दुकानाच्या कामाच्या कार्डावर 'बदलला' असं लिहिलं आणि गच्चीवर न चढताच घरी आलो. उद्या जाऊ म्हटलं. नवा डबा खोक्यासकट माझ्या सज्ज्यावर पडला. पाऊस लागला, सीझन संपला, मी विसरलो.

असा डबा फार वाईट. पूर्ण बिघडलेला असता तर कळलं असतं. हा फसवायचा. हँडल खाली ओढलं की दोन वाटा तुटायच्या, मशीन खाटकन बंद पडायचं, पंखा थांबायचा. बघणाऱ्याला वाटणार लाईन गेली. तिसऱ्या वाटेनं मात्र लाईन आत येतच राहायची.

सकाळी तुळशीभाऊनं विचारलं तेव्हा मला सगळं आठवलं होतं. 'बदलला ना' म्हणताना मला माहीत होतं की बदललेला नाही. जिन्याच्या दारात मी थांबलो तो त्यासाठीच. मनात म्हटलं, आता सांगितलं तर वर्षभराचं खोटं उघडं पडेल. तो रागावणार नाही, नुसता बघेल. ते बघणं नको होतं. म्हटलं, तो धुऊन घेईल, दुपारी तो जेवायला बसला की मी गुपचूप येऊन वायर काढीन. स्क्रू कसणार असं तो म्हणाला होता, तेही मी ऐकलं होतं.

मी मठ्ठा घेऊन वर आलो तेव्हा हँडल खाली होतं. त्यानं लाईन बंद केली होती. त्याचा टेस्टर मशीनच्या टपावर होता. त्यानं तोही लावून पाहिला असणार. पहिल्या वाटेवर दिवा लागला नसेल, कदाचित दुसऱ्यावरही. तिसरी बघायची त्याला गरज वाटली नसेल, डबा बदलला असं मीच म्हटलं होतं.

त्याला कोरड्यात निजवलं तेव्हा मी त्याच्या मानेला बोटं लावली होती. बोटांखाली काहीतरी होतं. बारीक, अडखळत, पण होतं. मी स्वतःला खूप वेळा समजावलंय की तो माझ्याच बोटांतला धडधडाट असेल. असेलही.

मेन पाडून मी परत वर आलो तेव्हा मला काय करायचं ते माहीत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी कोळसा खाणीतला एक फर्स्ट एडवाला दुकानात येऊन शिकवून गेला होता. माणसाला शॉक बसला तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवायचे आणि दाबत राहायचं, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. तुळशीभाऊनंच ते मला गोणीवर दोनदा करून दाखवायला लावलं होतं.

मी त्याच्याजवळून पुढं गेलो. भिंतीशी गेलो. स्क्रूड्रायव्हरनं डब्याचे दोन स्क्रू काढले. एक स्क्रू खाली पडला, तो शोधला. लाल वायर सोडवली, खिशात घातली. झाकण लावलं. मग हँडल वर केलं. खाली राहिलं असतं तर कुणीही विचारलं असतं, की बंद डब्यातून लाईन आली कुठून? जळालेला काटा शॉकच्या वेळीच जळाला असं कुणालाही वाटणार होतं.

हे सगळं करताना माझी पाठ त्याच्याकडे होती.

मग मी वळलो आणि त्याच्या छातीवर हात ठेवले. तेव्हा मानेत काही नव्हतं. मी दाबत राहिलो. माणसं जिन्यातून वर आली तेव्हा त्यांनी मला दाबतानाच पाहिलं. "सोड भाऊ, आता उचलू दे," आचाऱ्याचा माणूस म्हणाला. नंतर कित्येक दिवस तो लोकांना सांगायचा, निखाडेनं किती जीव लावला म्हणून.

अठरा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. काम करत राहिलो. झाडेसाहेब वारले, त्यांच्या मुलानं दुकान बंद केलं, मी स्वतःचं छोटं काम सुरू केलं. गच्चीवर गेलो की प्रत्येक डबा उघडून आत बघायची सवय लागली. लोक म्हणायचे, निखाडे फार काळजीवाला माणूस. मागच्या वर्षी डॉक्टरनं छातीचे फोटो काढले, ऑपरेशन करावं लागेल म्हणाला. टेबलावरून उठलो नाही तर, असं मनात आलं. तारीख मिळाली त्याच्या आधीच्या आठवड्यात मी मूलची बस धरली.

गाव सापडायला वेळ लागला नाही. सायत्रावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायला होती. दुपारची सुट्टी संपली होती, ती मागच्या ओट्यावर खिचडीचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, घासत बसली होती. केस पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा हात थांबला.

"बसा," ती म्हणाली. "पाणी देऊ का?"

"नको वहिनी. मी सांगाले आलो."

मी सांगितलं. वायरीपासून सुरुवात केली. बारशाचं सांगितलं, कार्डावर खोटं लिहिल्याचं सांगितलं, सकाळी त्यानं विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते सांगितलं. वायर काढून खिशात घातल्याचं सांगितलं. ती राखेनं भरलेले हात मांडीवर ठेवून ऐकत होती. वर्गातून मुलांचे पाढे ऐकू येत होते.

"म्हणजे त्याहीनं बंद केलं होतं," ती म्हणाली.

"हाव."

"हँडल खाली होतं."

"हाव वहिनी."

"अन् तुम्ही वर केलं."

"हाव."

"अन् घेऊन नव्हते."

"नव्हते. कधीच नव्हते. मी हवालदारासमोर गप्प राहिलो."

तिनं हाताची राख पदराला पुसली. मला वाटलं ती ओरडेल, गंज फेकून मारेल, गाव गोळा करेल. मी त्यासाठीच आलो होतो असं म्हटलं तरी चालेल.

"बुढी तीन वर्षांमागं गेली," ती म्हणाली. "माझी सासू. शेवटी महिनाभर अंथरुणावर होती. पोराचं नाव नाही घेतलं तिनं. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, आता तरी माफ करा त्याहीले. तर म्हणाली, त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. असं म्हणत गेली."

तिनं गंज स्वतःकडे ओढलं.

"मी तिच्याशी भांडत होते आधी. दोन-चार वर्षं भांडली. हे घेत नव्हते म्हणून. मग मीही थकली. म्हटलं, असन घेतली एखाद दिवशी. माणूसच आहे. शालूच्या लग्नात तिकडच्यांनी विचारलं, बाप कशानं गेला, तर मीच सांगतलं, दारूनं." ती गंजाकडे बघत म्हणाली. "मीच सांगतलं ना, ह्या तोंडानं."

"मी शालूले सांगतो वहिनी. तुम्ही म्हणाल तिथं येतो. पोलिसात जातो, लिहून देतो."

"शालू नांदेडले आहे. तिचे पोरं मोठे झाले." तिनं मान हलवली. "आता कोणाले काय लिहून देता? ऐकाले पाहिजे होतं ती तर गेली."

तिनं पुन्हा राख घेतली आणि घासू लागली. एकाच जागी घासत राहिली. मी उठलो नाही. मला जा म्हणेल तेव्हा जायचं, असं ठरवून बसलो. पण ती जा म्हणाली नाही. थोड्या वेळानं हात न थांबवताच तिनं विचारलं.

"एक सांगा भाऊ. तुम्ही मठ्ठा घेऊन वर गेले तेव्हा. तेव्हा ते गेले होते का? का जीव होता?"

एवढंच मी अजून सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगताना मी ते पुढं ढकलत आलो होतो, शेवटी सांगू म्हणून. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते मला विचारत होतं, आणि जिला विचारायचा हक्क होता तीच विचारत होती.

"गेले होते वहिनी," मी म्हटलं. "आधीच गेले होते."

तिनं मान डोलावली.

"बरं झालं," ती म्हणाली. "मले तेवढंच वाटत राहायचं. वाट पाहत पडले असतील का म्हणून."

मी साडेतीनची बस धरली.